ऑपरेशनआधीचा दोन आठवड्यांचा डाएट चार्ट: खान्देशी चुलीपाशी किती टिकतो?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की फाइलसोबत दोन पानांचा डाएट चार्ट हातात पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पेशंट मुंबई-पुण्याला जातात, नाशिकला जातात, कुणी इंदूर नाहीतर सुरत गाठतं. शहर कुठलंही असो, चार्टचा साचा जवळपास एकच असतो. सकाळी स्किम्ड मिल्क, अकराला क्लिअर सूप, दुपारी प्रोटीन शेक, चारला ग्रीन टी, रात्री पुन्हा सूप. सोबत प्रोटीन पावडरचा एक डबा आणि डाएटिशियनचा फोन नंबर. हे परीक्षण त्या तिन्हींचं आहे. कुठल्याही रुग्णालयाचं नाव घेतलेलं नाही, कारण दोष एका ठिकाणचा नसून साच्याचा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. चार्टमागचं शास्त्र पक्कं आहे. त्यातलं स्वयंपाकघर मात्र परक्या गावचं आहे. आणि ज्या गोष्टीवर ऑपरेशननंतरची सगळी वर्षं अवलंबून असतात, त्या खाण्याच्या सवयींना चार्टमध्ये एक ओळ मिळते: 'सावकाश चावून खा.'

दोन आठवडे कशासाठी?

बऱ्याच घरांत समज असतो की ऑपरेशनआधी वजन उतरवून डॉक्टरांना दाखवायचं असतं. खरं कारण यकृत आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर आडवा येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसत नाही. लठ्ठपणात यकृत चरबीने फुगलेलं आणि ठिसूळ असतं, उचलताना त्यातून रक्त येऊ शकतं. फारच मोठं असेल तर ऑपरेशन लांबतं, कधी पुढे ढकलावं लागतं, क्वचित पोट उघडून करावं लागतं. दिवसाला ८०० ते १२०० कॅलरी, कर्बोदकं १०० ग्रॅमच्या आत आणि प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम, असं दोन ते चार आठवडे खाल्लं की यकृत आकसतं, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन आठवड्यांतच पडतो. आधी ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, संपतं. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झपकन खाली येतो आणि मग अडतो. तिथे 'आता उतरेना' म्हणून चार्ट सोडणारे बरेच. काटा अडला तरी यकृतातली चरबी कमी होतच असते.

हे कारण चार्टवर छापलेलं नसतं. छापायला हवं होतं, कारण ते कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. 'पातळ चालतं ना, मग उसाचा रस का नाही?' हा प्रश्न त्यातलाच.

'लिक्विड' या शब्दाने होणारा घोटाळा

चार्टमधला सगळ्यात धोक्याचा शब्द हा. आपल्याकडे पातळ म्हटलं की हलकं, असा हिशेब असतो. मग आमरस, केळ्याचं मिल्कशेक, तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर सगळं त्यात बसतं. पाव लिटर उसाच्या रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि तीच साखर यकृताला पुन्हा भरते. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी आणि २५ ग्रॅम कर्बोदकं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घरोघरी घड टांगलेले असतात, पण हे दोन आठवडे केळं नाही म्हणजे नाही.

त्याहून फसवी तर्री. 'सूप' लिहिलंय म्हणून शेवभाजीचा रस्सा गाळून प्यायला दिला जातो. भाजीतली शेव नुसती ५० ग्रॅम धरली तरी तिच्या २७५ कॅलरी होतात, आणि रश्शावर तरंगणाऱ्या तेलाचा प्रत्येक मोठा चमचा १२० कॅलरींचा. खान्देशात खिचडीवरसुद्धा तेल ओततात, तिथे 'तेल कमी' हा शब्द कुणाला किती कळणार? चार्टने तेल मापात लिहायला हवं होतं: दिवसभराचं मिळून दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली. ते सकाळी एका छोट्या वाटीत काढून ठेवावं. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं तेल संपलं.

ताकाचंही तसंच. चार्ट 'बटरमिल्क' म्हणतो आणि घरी म्हशीच्या दुधाचं, लोण्याचे कण तरंगणारं ताक होतं. दूध पिशवीवरचा शब्द वाचून घ्यावं: फुल क्रीममध्ये फॅट ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५, स्किम्डमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आत. स्किम्ड दूध तालुक्याच्या गावी रोज मिळेलच असं नाही. डबल टोन्डवर काम भागतं. तेही नसेल तर टोन्ड तापवून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, साय पूर्ण काढून वापरावं. गवळ्याचं म्हशीचं दूध पाणी घालून 'हलकं' करण्यात अर्थ नाही, त्यात प्रथिनंही पातळ होतात.

चार्टचा खान्देशी अनुवाद

चार्टचे दोन प्रकार असतात. एक पूर्ण द्रव, दुसरा शेक आणि दिवसातून एक-दोन मऊ जेवणं असा. पूर्ण द्रव दिला असेल तर त्यात स्वतःच्या मनाने बदल करू नये. दुसऱ्या प्रकारात मात्र आपल्या घरच्या पदार्थांना भरपूर जागा आहे आणि चार्ट बनवणाऱ्याला ती माहीतच नाही.

उदाहरण फुणके-कढीचं. तूरडाळ किंवा तूर-मूग मिश्र डाळ चार-पाच तास भिजवून, मिरची-लसूण-जिऱ्याबरोबर भरड वाटून, मुटके करून १५ ते २० मिनिटं वाफवायचे. तळणं नाही. ४० ग्रॅम कोरड्या डाळीचे फुणके म्हणजे साधारण १३५ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. कढी डबल टोन्ड दह्याची करावी, बेसन एक चमच्यापुरतं, फोडणी अर्ध्या चमचा तेलाची, साखर-गूळ नाही. वरून तेल घेऊन फुणके कुस्करायची पद्धत तेवढी सोडावी. चार्टमधल्या 'स्टीम्ड स्प्राउट्स'पेक्षा हे पोटाला आणि मनाला दोन्हीला बरं.

भरिताचं गणित उलटं. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे, आणि वांगं स्वतः अगदी गरीब: एक किलोत अडीचशे कॅलरी. त्यात ओतलेल्या वाटीभर तेलाच्या मात्र बाराशेच्या वर, शेंगदाणे आणि सुकं खोबरं वेगळंच. भाजलेलं वांगं, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि एक चहाचा चमचा तेल, एवढंच घालून दीड वाटी भरीत दुपारची भाजी म्हणून बसतं. पुरीबरोबर नाही. कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा चांगली, कारण साधारण चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे उडीद दळल्याने प्रथिनं वाढतात, पण एका भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २५० कॅलरींचा चंद्र. या दोन आठवड्यांत तीसुद्धा चार्टवर असेल तरच, आणि चतकोर.

एक दिवस मांडून दाखवायचा तर असा. सकाळी २०० मिली डबल टोन्ड दुधात पावडरचा एक स्कूप. अकराला जिरं-मीठ घातलेलं मोठा पेलाभर पातळ ताक. दुपारी ४० ग्रॅम डाळीचे फुणके, १०० ग्रॅम दही, गिलक्याची किंवा पोकळ्याची वाटीभर भाजी. चारला पुन्हा २०० मिली दूध आणि अर्धा स्कूप. रात्री ३० ग्रॅम कोरडे सोयाचे गोळे उकळून, दोनदा पिळून, दुधीच्या सूपमध्ये. याची बेरीज ८५०च्या आसपास कॅलरी, ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तितकीच कर्बोदकं. अंडी चालत असतील तर सोयाच्या जागी तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि एक पूर्ण अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा, इथला नको.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोकं दुखतं, गळाल्यासारखं होतं, चिडचिड होते. ग्लायकोजेनबरोबर पाणी आणि मीठही शरीराबाहेर जातं त्याचा हा परिणाम. खारं ताक, मिठाचं सूप यांनी उतरतो. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांनाच होते. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून, आणि नंतर आणखी पाणी. चार्टमध्ये यातलं काहीही नाही. चार्टला ५ पैकी ३.

डब्याबद्दल

रुग्णालयातून मिळणारी पावडर बहुधा ठीक असते. तक्रार चवीची: व्हॅनिला किंवा चॉकलेट, आणि दोन्ही पाचव्या दिवशी नकोशी. जिभेला मिरचीची सवय असलेल्या माणसाला दिवसातून दोनदा गोड पाजणं हा छळच. म्हणून बिनचवीची पावडर मागून घ्यावी, ती ताकात किंवा कोमट सूपमध्ये जाते. 'कोमट' महत्त्वाचं. उकळत्या सूपमध्ये व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) टाकली की दूध फाटल्यासारख्या गुठळ्या होतात आणि लोक डबा खराब निघाला म्हणून दुकानात परत नेतात. शेकरमध्ये आधी द्रव, मग पावडर, मग हलवणं. उलटं केलं की तळाशी लगदा चिकटतो.

डबा संपला आणि गावच्या मेडिकलमधून दुसरा घ्यायचा झाला तर समोरची मोठी अक्षरं सोडून मागचा तक्ता वाचावा. ३० ग्रॅमच्या स्कूपला २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, साखर २-३ ग्रॅमच्या आत, शिवाय १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक. 'प्रोटीन' असं नाव मिरवणाऱ्या कित्येक पावडरींत १०० ग्रॅमला ३०-३५ ग्रॅमच प्रथिनं असतात आणि बाकी बरीचशी साखर. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी तर या कामाच्याच नाहीत. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट घ्यावी, तिच्यात लॅक्टोज (दुधातली साखर) फार कमी असतं. डब्याला ५ पैकी साडेतीन.

चुरून खाणं

आता त्या एका ओळीकडे. चार्ट म्हणतो सावकाश चावून खा, आणि खान्देशात जेवणाची खरी मजा चुरण्यात आहे. वरणात बट्टी चुरायची, शेवभाजीत पोळी कुस्करायची, मटणाच्या रश्शात भाकरीचा काला करायचा. रश्शात भिजलेला घास दातांपर्यंत जातच नाही, थेट घशातून उतरतो. चार भाकऱ्या कधी संपल्या ते कळत नाही ते यामुळेच.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढतात आणि उरतो तो १०० ते १५० मिलीचा नळीसारखा भाग. दुसरा प्रकार जठराच्या बायपासचा (हृदयाच्या नव्हे), त्यात जठराची वरची पिशवी ३० मिलीच्या आसपास. अशा पोटात कोरडी भाकरी नीट चावून खाल्ली तर थोड्यात भरल्यासारखं वाटतं, नाही चावली तर अडकते, छातीत दाटून येतं, उलटी होते. पण तीच भाकरी तर्रीत चुरली की अडकत नाही, सरकत जाते, पोट भरल्याची खूण मिळत नाही आणि कॅलरी सगळ्या आत जातात. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढतं, त्यांच्या ताटात अशी मऊ, सरकणारी, तेलात भिजलेली खाणी हमखास सापडतात. शेव, फरसाण, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम हे सगळं त्याच जातीचं. एवढी मोठी गोष्ट, आणि खान्देशी पेशंटसाठीच्या चार्टमध्ये 'चुरणे' हा शब्द नाही. सवयींच्या भागाला ५ पैकी १, तोही छापलाय म्हणून.

या सवयी दोन आठवड्यांत बदलत नाहीत. तारीख ठरायच्याही आधी, निदान सहा-आठ आठवडे सराव हवा. पहिल्या आठवड्यात फक्त एकच करावं: रस्सा आणि भाकरी वेगवेगळं. भाकरीचा घास कोरडा, २०-२५ वेळा चावून, तो गिळल्यावर मग भाजी. पुढच्या आठवड्यात पाणी. जेवताना तांब्या ताटाशेजारी ठेवायचाच नाही, जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी बंद. हे सगळ्यांना सर्वात जड जातं, कारण झणझणीत ठेच्यावर पाणी लागतंच. मग ठेचा कमी करण्याखेरीज मार्ग नाही. तिखटाचा आणखी एक मुद्दा: छातीत जळजळ, रात्री आंबट पाणी येणं असेल तर ते 'मसाल्याने होतं' म्हणून सोडू नये, सर्जनला सांगावं. स्लीव्हनंतर ही जळजळ वाढू शकते, आणि तसं असेल तर बायपासचा विचार होतो.

तिसऱ्या आठवड्यापासून भांडी बदलावीत. ताटाऐवजी नाश्त्याची प्लेट, मोठ्या चमच्याऐवजी लहान मुलाचा चमचा, एक मापाची वाटी. एक जेवण २० ते ३० मिनिटं चाललं पाहिजे. मोबाइलवर वेळ लावून बघा, बहुतेकांचं आठ-दहा मिनिटांत आटपलेलं असतं. खाण्याचा क्रम आधी डाळ-अंडं-दही, मग भाजी, शेवटी भाकरी. कारण ऑपरेशननंतर तीन-चार घासांत जागा संपते आणि ती भाकरीने भरली तर प्रथिनं राहूनच जातात, मग केस गळतात, अशक्तपणा येतो.

शेतावरच्या माणसाची दोन दणदणीत जेवणांची पद्धत मोडून पाच-सहा छोट्या वेळा कराव्या लागतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईची अडचण वेगळी: चाखणं. भाजी चाखली, शेवया शिजल्या का ते पाहिलं, मुलाच्या ताटातला उरलेला घास टाकवत नाही म्हणून तोंडात गेला. या दोन आठवड्यांत मीठ दुसऱ्या कुणाला तरी बघू द्यावं. आणि आग्रह! 'थोडसं खाई ले, काही व्हत नही' या वाक्याला चार्टमध्ये उत्तर नाही. घरातल्या मोठ्या माणसाला डाएटिशियनच्या भेटीला सोबत नेलं आणि यकृताचं कारण त्यांच्याच कानावर घातलं, तर बराच फरक पडतो. आईने किंवा सासूने 'नको वाढू तिला' म्हटलं की प्रश्न मिटतो.

तंबाखू पूर्ण बंद, निदान सहा आठवडे आधीपासून. निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होतो आणि टाके भरायला वेळ लागतो. फॉर्मवर 'स्मोकिंग: नाही' असं लिहून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की गुटखा, चुना लावून मळलेली पुडी आणि बायकांची मिश्री हीसुद्धा तंबाखूच. सोडा, कोल्ड्रिंक आणि दारू याच यादीत.

फोनवरचा सल्ला

मिळतो, पण ठरावीक वेळेत, आणि 'काय खाऊ नको' यापुरताच. दोन गोष्टी फोन करून विचारायला हव्यातच. मधुमेहाची औषधं चालू ठेवून अचानक ८०० कॅलरींवर आलं तर साखर घसरते, विशेषतः इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर. डोस चार्ट सुरू करण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर ऑपरेशनआधी निदान तीन दिवस थांबवतात, नाहीतर साखर ठीक दिसत असताना रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येऊ शकते, तीही विचारावी. दुसरी गोष्ट तपासण्यांची: बी-१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचं, आणि ते ऑपरेशनच्या आधीच भरून काढणं सोपं असतं. फोन सेवेला ५ पैकी २.

तारीख निवडताना पंचांग पाहावं, पण मुहूर्तासाठी नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दोन आठवडे चार्टवर काढणं म्हणजे घरात खापरावर पुरणपोळ्या होत असताना दुधीचं सूप पिणं. श्रावणातले कानबाईचे रोट, लग्नसराई, चतुर्थी-एकादशीचे उपवास यांचाही विचार व्हावा. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे उपवास मोडायचा नसेल तर दूध-दह्यावर करावा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो, तिथे चार्टमधलं दोन लिटर पाणी पुरत नाही. तीन लिटर, त्यातलं काही बिनसाखरेचं मीठ-लिंबू पाणी. आणि चार्ट सुरू व्हायच्या आधीची 'शेवटची भरीत पार्टी' टाळावी. चार्टच्या मधेच झाली तर मिळवलेलं बरंचसं गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा सगळा मजकूर चार्टमध्ये 'एनबीएम' या तीन अक्षरांत असतो, म्हणजे तोंडावाटे काही नाही. भूल देण्याचे सर्वसाधारण नियम असे आहेत: हलकं अन्न आणि दूध ६ तास आधी बंद, तेलकट ८ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. प्रत्यक्षातली वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच. ताक, दुधाचा चहा, गाळलेली डाळ हे पाण्यासारखं दिसलं तरी पाण्याच्या रांगेत बसत नाही. पहाटे सोबतचे नातेवाईक थर्मासमधून चहा काढतात, पेशंटला अर्धा कप देतात, आणि आठची केस दुपारवर जाते किंवा दुसऱ्या दिवसावर. थर्मास खोलीबाहेर ठेवा.